कित्त्यातला खरवडलेला शब्द

मी एक जुना कित्ता आहे. एके काळी माझी चोवीस पाने होती, आता तीनच उरली आहेत. त्यांतल्या मधल्या पानावर, वरून सातव्या ओळीत, दोन शब्दांपुरती जागा इतकी पातळ झाली आहे की पलीकडे बोट धरले तर त्याची सावली दिसते. मित्रांनो, त्या बोटभर जागेपायी एका बाईच्या आयुष्याचे मातेरे झाले. मी सगळे पाहत होतो. मला तोंड नव्हते, म्हणून गप्प राहिलो. आज सहाशे वर्षांनी बोलतो आहे, आणि आता बोलून काही उपयोग नाही हेही मला कळते.

माझा जन्म शांपेन प्रांतातल्या एका नदीकाठच्या गावी झाला. मी मूळचा सहा वासरे. कातडी चुन्याच्या पाण्यात भिजवली, चौकटीवर ताणली, वाकड्या सुरीने तासली, तेव्हा कुठे मी पाने झालो. मग गोंतिए मास्तरांनी मला विकत आणून शिवले. पोथ्यांत रंगीत अक्षरे आणि सोन्याची वेलबुट्टी काढणारे, सरदारांच्या ढालींवरची चिन्हे रंगवणारे ते कारागीर. त्यांना मुलगा नव्हता. पेरेत नावाची आठ वर्षांची मुलगी होती, आणि बायको नुकतीच वारली होती. पोरीच्या हाताला काहीतरी वळण हवे म्हणून त्यांनी एक अख्खा हिवाळा बसून मला लिहून काढले.

माझ्यात काय नव्हते! पहिल्या पानांवर अक्षरे, प्रत्येकाच्या पोटात एखादा ससा नाहीतर द्राक्षाचा वेल. मग सोन्याची पाने. वर्ख ठेवण्याआधी त्याच्या खालच्या डिंकाच्या लेपावर ‘हाः’ करून श्वास सोडावा, म्हणजे तो ओला होऊन वर्ख धरतो. रंग नंतर, सोने आधी. सोने घोटायला कुत्र्याचा सुळा चांगला. मग ढालींची पाने. सोन्यावर चांदी चढवू नये, रंगावर रंग चढवू नये, नाहीतर लांबून काही दिसत नाही. आणि ढालीचे उजवे म्हणजे ढाल धरणाऱ्याचे उजवे, बघणाऱ्याचे नव्हे.

हे शेवटचे पेरेत हटकून विसरायची. एकदा तिने सिंह उलट्या दिशेला तोंड करून काढला.

“पोरी,” मास्तर म्हणाले, “तुझा सिंह लढाई सोडून पळून चाललाय. त्याच्या आईला तोंड कसं दाखवणार तो?”

“मग त्याच्या पुढे दुसरा सिंह काढते ना बाबा. म्हणजे हा पळत नाही, त्याला आणायला चाललाय.”

मास्तर इतके हसले की लेखणीची शाई माझ्या कडेवर सांडली. तो डाग अजून आहे. माझ्या अंगावरच्या सगळ्या खुणांत मला तो सर्वांत प्रिय आहे.

ढालींच्या जगात चित्र पाठवायची रीत नव्हती. शब्द पाठवीत. ‘सोन्याच्या ढालीवर उभा निळा सिंह’ एवढे लिहून आले की प्रत्येक कारागीर आपल्या हाताने आपला सिंह काढी. म्हणून रंगांची नावे पाठ असावी लागत, आणि ती नावे साधी नसत. निळ्याला वेगळा शब्द, काळ्याला वेगळा. माझ्या त्या पानावर मास्तरांनी सगळ्यांची यादी दिली होती. सातव्या ओळीत होते, ‘सिनोपल : तांबडा. गेरू बारीक वाटून डिंकात कालवावा.’

ते खोटे नव्हते, मित्रांनो. मास्तरांनी ज्यांच्या हाताखाली धडे गिरवले, ते सगळे रंगारी सिनोपल म्हणजे दूरच्या सिनोप बंदरातून येणारी तांबडी मातीच समजत. पण तोवर दरबारातल्या ढालींच्या जाणकारांनी तोच शब्द हिरव्या रंगाला लावून टाकला होता. का लावला, देव जाणे. एकाच गावात एका शब्दाचे दोन रंग नांदत होते, आणि कोणाचे काही अडले नव्हते, कारण हिरवी ढाल दहा वर्षांत एखादीच यायची. आमच्या दुकानात तर कधीच आली नव्हती.

वर्षे गेली. पेरेत तिशीची झाली. तिच्या अक्षरांतले ससे पाहायला मठातले साधू मुद्दाम वाकडी वाट करून येत. मास्तरांच्या डोळ्यांत दुधाळ पडदा उतरला होता. खिडकीशी बसून, पान नाकाला लावले तरच त्यांना अक्षर दिसे. रंगाऱ्यांच्या पंचायतीने पेरेतला वडिलांच्या जागी कुंचला धरायची परवानगी दिली होती. बाईमाणसाला अशी परवानगी सहजी मिळत नसे. आपले काम, आपले नाव, तिच्याकडे जे काही होते ते त्या परवानगीतच होते.

अशात ब्रेसूलच्या विधवा बाईसाहेबांकडून काम आले. त्यांचे यजमान शेजारच्या सरदाराशी शिवेवरून झालेल्या लढाईत मारले गेले होते. वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेसाठी एक पोथी हवी होती, पहिल्या पानावर यजमानांचे नाव आणि त्यांची ढाल. चिठ्ठीत लिहिले होते, ‘सोन्यावर सिनोपल सिंह.’

“बाबा, सिनोपल म्हणजे गेरूच ना?” पेरेतने विचारले.

“कित्त्यात बघ. मला कशाला विचारतेस? कित्ता कशाला लिहिला मग?”

तिने मला उघडले, सातव्या ओळीवर बोट ठेवले आणि गेरू वाटायला घेतला. त्या सिंहासाठी तिने अकरा दिवस घेतले. इतका देखणा सिंह तिने आयुष्यात काढला नव्हता. मला त्याचा किती अभिमान वाटला होता, हे आठवले की आजही माझे कातडे आक्रसते.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, बाईसाहेब स्वतः दुकानात आल्या. मास्तर खोकल्याने वर अंथरुणात होते. बाईसाहेब पन्नाशीच्या, काळ्या वस्त्रांतल्या. त्यांनी पोथी फळीवर ठेवली आणि पहिले पान उघडले.

“हे काय आहे?”

“आपल्या यजमानांची ढाल, बाईसाहेब.”

“माझ्या नवऱ्याचा सिंह हिरवा होता. तांबडा सिंह कोणाचा, ठाऊक आहे? ज्यानं त्यांना मारलं त्याचा! भर देवळात, सगळ्या गोतासमोर मी पान उघडलं, आणि माझ्या नवऱ्याच्या नावाशेजारी तो उभा!”

पेरेतचा चेहरा माझ्या कोऱ्या पानासारखा झाला. “पण सिनोपल… आमच्यात सिनोपल म्हणजे…”

“मला शिकवू नकोस. कोणी सांगितलं तुला हे करायला? त्यानं?”

“देवाशपथ नाही, बाईसाहेब!”

“वर्षभर या पानाची वाट बघत होते गं मी,” बाईसाहेब म्हणाल्या. मला त्यांचा राग कधीच करता आला नाही.

वरून मास्तरांची हाक आली, “कोण आहे गं?”

“गिऱ्हाईक आहे, बाबा. सोनं जरा जास्त हवंय त्यांना.”

हे तिचे पहिले खोटे. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून बोललेले. त्यातूनच पुढचे सगळे वाढले.

बुधवारी पंचायत बसली. तिथले बोलणे मला दुसऱ्या दिवशी कळले, कारण पेरेत माझ्या शेजारी बसून स्वतःशीच पुटपुटत होती. रेनोदँ नावाचे थोरले पंच होते, कडक पण सरळ माणूस. ते म्हणाले होते, “जुनी माणसं गेरूला सिनोपल म्हणायची, हे मलाही ठाऊक आहे. तुझ्या कित्त्यात तसं असेल तर दोष तुझा नाही. कित्त्यातली चूक गिरवणाऱ्याच्या माथी मारायची नाही, हा आपला जुना कायदा. पण कित्त्यात हिरवा लिहिलेला असेल आणि तरी तू तांबडा रंगवला असशील, तर तू जाणूनबुजून केलंस. मग तुझा कुंचला मोडला जाईल.”

तिने बायबलावर हात ठेवून शपथ घेतली होती की कित्त्याला कोणी हात लावलेला नाही आणि शनिवारपर्यंत लावणार नाही. पुराव्यात फेरफार करणाऱ्याला बाजारात तीन दिवस खोड्यात अडकवीत. जानेवारीत.

तिने मला न उघडताच तागाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. मास्तरांना सांगितले, “शनिवारी पंचांकडे जायचंय. काही विशेष नाही, विचारपूस आहे. कित्ता बघायचाय त्यांना.”

“माझा कित्ता?” मास्तर खूश झाले. “अरे वा! इतक्या वर्षांनी सुचलं होय त्यांना!”

मित्रांनो, खरे सांगायचे धाडस तिने तेव्हा केले असते तर! पण आपल्या माणसाला वाचवायला जाऊन आपणच त्याला खड्ड्याशी नेऊन ठेवतो, हे माणसांचे नेहमीचेच आहे. मी कातड्याचा आहे, तरी एवढे शिकलो आहे.

गुरुवारी दुपारी पेरेत दुपारच्या प्रार्थनेला गेली होती. तेवढ्यात घरी एक पाहुणा आला. दरबारातला ढालींचा जाणकार, गुबगुबीत आणि बडबड्या. बाईसाहेबांच्या कामासाठी गावात आला होता, आणि जुन्या मास्तरांना भेटावे म्हणून सहज डोकावला.

“काय मास्तर, एका शब्दानं केवढा घोळ! सिनोपल म्हणजे हिरवा हो, हिरवा! तुमच्या तरुणपणी असेल तांबडा. आता कुठं कोण म्हणतंय?”

“हिरवा?” मास्तर म्हणाले.

“चाळीस वर्षं झाली! सगळ्या दरबारात हिरवाच चालतो. तुम्ही आपले खिडकीशी बसून राहिलात.” त्याने दारूचा पेला रिकामा केला, मास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेला. पंचायतीत कोणाचे काय पणाला लागले आहे, हे मास्तरांना ठाऊक असणारच असे तो धरून चालला होता.

मास्तर चाचपडत पेटीपाशी आले आणि त्यांनी मला बाहेर काढले. खिडकीत थंड, पांढरे ऊन होते. त्यांनी सातवी ओळ नाकाशी धरली.

“बावीस वर्षं,” ते मला म्हणाले. “बावीस वर्षं चुकीचं शिकवलं रे मी तिला. शनिवारी पंच हे उघडतील आणि माझ्या पोरीला हसतील. म्हणतील, हिच्या बापाला रंग कळत नव्हता.”

त्यांनी खरवडायची सुरी उचलली.

नको! मास्तर, नको! मी मनात किती ओरडलो. कडा वर उचलून पाहिली, पण त्यांनी अंगठ्याने ती दाबून धरली. डोळ्यांना दिसत नसले तरी त्यांच्या हाताला सगळे ठाऊक होते. सुरी शब्दावर आडवी ठेवून त्यांनी हळूहळू ‘तांबडा’ आणि ‘गेरू’ खरवडून काढले. मग ती जागा सुळ्याने घोटून गुळगुळीत केली, आणि त्यावर लिहिले ‘हिरवा’ आणि ‘जंगाल’, म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा गंज. अक्षर तेच, जुन्यासारखेच घोटीव. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आपण किती चांगले काम केले, या समाधानात त्यांनी मला पुन्हा फडक्यात गुंडाळले.

शुक्रवारभर मी त्या पेटीत होतो. त्या एका दिवसाइतका लांब दिवस मी पुढच्या सहाशे वर्षांत पाहिला नाही. पेरेत दोनदा पेटीपाशी आली. मला वाटले, आता उघडेल. तिने फक्त फडक्याची गाठ घट्ट आहे ना हे पाहिले. शपथ घेतलेली होती ना! शनिवारी ती मला घेऊन निघाली तेव्हा मास्तर दाराशी आले आणि म्हणाले, “निर्धास्त जा, पोरी. कित्ता चोख आहे.” तिला तो आशीर्वाद वाटला.

पंचायतीच्या दालनात धूर होता आणि उजेड कमी. बाईसाहेब बाकावर ताठ बसल्या होत्या. रेनोदँ पंचांनी मला उघडले, ओळी मोजल्या आणि मोठ्याने वाचले.

“सिनोपल : हिरवा.”

“काय?” पेरेत म्हणाली.

“हिरवा. जंगाल बारीक वाटून डिंकात कालवावा. हे बघ, तुझ्या बापाचं अक्षर.”

ती पुढे आली. सातव्या ओळीवर तिने बोट ठेवले, आणि बोटाला ती जागा पातळ लागली. तिने मला उचलले आणि दालनातल्या एकुलत्या एक खिडकीकडे धरले. मित्रांनो, खरवडलेला शब्द कातड्यातून पुरता जात नाही. शाई आत चावलेली असते. उजेडात हिरव्याच्या खाली तांबडा स्पष्ट उभा राहिला. वरची शाई अजून फिकी होती, कारण आमची शाई ताजी असताना फिकी असते आणि आठवड्याने काळी पडते. कोणत्याही लेखनिकाने एकदा नीट पाहिले असते तरी कळले असते.

तिला सगळे कळले. कोणाची सुरी, कोणाचा हात, आणि का. दाराशी उभे राहून बाबा ‘चोख’ का म्हणाले, तेही.

सांग! मी मनात म्हणत होतो. सांग त्यांना! उजेडात धर म्हणावे!

“काय बघतेस?” पंचांनी विचारले. “काही आहे का तिथं? असेल तर सांग. मी बघतो.”

ती सांगू शकली असती. मग पंचांनी विचारले असते, शपथेनंतर कित्त्याला कोणी हात लावला? आणि अडुसष्ट वर्षांचा खोकणारा म्हातारा बर्फात, खोड्यात.

“काही नाही,” ती म्हणाली आणि मला मिटले.

“मग हिरवा लिहिलेला असताना तांबडा का रंगवलास?”

“डोळा चुकला.”

“डोळा चुकला!” बाईसाहेब हसल्या, ते हसणे ऐकवत नव्हते. “अकरा दिवस एकच सिंह रंगवला म्हणालीस ना बुधवारी? अकरा दिवस डोळा चुकला?”

रेनोदँ पंचांनी आधी पेरेतकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझी खात्री आहे, त्यांना काहीतरी खटकले होते. पण खटकण्यावर निकाल देता येत नाही. त्यांनी तिचा कुंचला मागवला आणि उंबऱ्यावर ठेवून टाचेने मोडला. यापुढे पेरेतने रंगाला किंवा सोन्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यांच्या कोऱ्या पानांवर शिशाच्या कांडीने रेघा आखायला तेवढी मुभा.

घरी मास्तर वाटच पाहत होते.

“उघडून बघितला त्यांनी?”

“बघितला.”

“सातवी ओळ?”

“वाचली, बाबा. मोठ्यानं वाचली.”

“मग? काय म्हणाले?”

“म्हणाले, अक्षर सुंदर आहे.”

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “म्हटलं नव्हतं? हात अजून गेलेला नाही माझा! चल, वाटाण्याचं कढण टाक. आज पोटभर जेवीन.”

तिने कढण टाकले. पाठ आमच्याकडे होती. खांदे हलत होते ते मला दिसत होते, त्यांना दिसत नव्हते.

मास्तर अजून तीन वर्षे जगले. कुंचला का धरत नाहीस, हे त्यांनी रोज विचारले, आणि रोज तिने सांगितले की आता कंटाळा आला. “आळशी झालीस!” ते खवळून म्हणायचे. “असा हात देवानं दिला आणि रेघा ओढत बसतेस! माझं सगळं पाण्यात घातलंस.” तिने एकदाही उलट उत्तर दिले नाही. मरताना ते तिच्याशी बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून गेले.

मित्रांनो, त्यांना एक शब्द सांगितला असता तर ते निदान तिचा हात धरून गेले असते. पण तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला असता. हे ओझे तिने एकटीने वाहिले, आणि ज्याच्या अंगावर सगळे लिहिलेले होते तो मी, फळीवर पडून राहिलो.

म्हातारपणी एकदा तिने मला खाली घेतले. सातव्या ओळीशेजारी, समासात, शिशाच्या कांडीने एक सिंह आखला. ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे तोंड केलेला, न पळणारा. त्यात रंग भरायची तिला बंदी होती. भरला नाही. माझ्याकडे थोडे पाहिले आणि मिटून ठेवले.

ती गेल्यावर मला कोणी विचारले नाही. एका पोथ्या बांधणाऱ्याने माझी पाने कापून दुसऱ्या पोथीच्या पुठ्ठ्यात चिकटवली, कारण जुन्या कित्त्याचे कातडे चिवट असते. चारशे वर्षे मी दुसऱ्याच्या पाठीचा कणा होतो. माझ्या बाकीच्या एकवीस पानांचे काय झाले, मला माहीत नाही. आता एका ग्रंथालयात, काचेखाली, मंद दिव्यात आहे. लोक येतात, सोन्याच्या अक्षरातला ससा पाहून ‘किती गोड’ म्हणतात आणि पुढे जातात. समासातल्या सिंहाखाली चिठ्ठी आहे, ‘अपूर्ण रेखाटन’.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. मला कितीतरी जपले आहे, आणि त्याने काही झाले नाही. एवढेच सांगतो. आधीच्या माणसाचे काही चुकलेले दिसले तर ते खरवडू नका. ते तसेच ठेवा आणि खरे काय ते शेजारी लिहा. आणि कुठे पातळ झालेली जागा बोटाला लागली तर पान उलटायची घाई करू नका.

कधी माझ्या काचेपाशी आलात तर तिथल्या माणसाला विनवा, मला एकदा, फक्त एकदा, उजेडासमोर धरायला सांगा. हिरव्याच्या खाली तांबडा दिसेल. तेव्हा तिचे नाव मोठ्याने घ्या. पेरेत, गोंतिए मास्तरांची मुलगी. ती चुकली नव्हती.